दोन क्लॅरिनेटांवर ऑर्केस्ट्रा बसवताना

कोकणात क्लॅरिनेट वरातीच्या बँडमुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. बेस क्लॅरिनेट, म्हणजे त्याचेच मोठे, खर्जात वाजणारे भावंड, मात्र क्वचितच दिसते. ही दोन वाद्ये हाताशी असतील, तर ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली लोकप्रिय रचना दोघांतही उभी राहू शकते. त्यासाठी सर्वांत आधी पट्टी ठरवावी, कारण पट्टी चुकली की पुढची सारी मेहनत बोटांच्या कसरतीत वाया जाते.

उदाहरणादाखल नॉर्वेचे संगीतकार एडवर्ड ग्रीग यांनी ‘पीअर गिंट’ या नाटकासाठी रचलेले, १८७६ मध्ये रंगमंचावर आलेले ‘इन द हॉल ऑफ द माउंटन किंग’ घेऊ. ग्रीग १९०७ मध्ये वारले असल्याने भारतात या रचनेवर स्वामित्वहक्क उरलेला नाही. चित्रपटगीत निवडले तर परवानगीचा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

मूळ रचना बी मायनरमध्ये (बी हा मूळ सूर असलेल्या पट्टीत) असून तिची धून चेलो आणि डबल बास तारा छेडून सुरू करतात. बी फ्लॅट क्लॅरिनेटचा सूर लिहिलेल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली ऐकू येतो, तर ट्रेबल क्लेफमध्ये (उंच सुरांच्या नेहमीच्या लेखनपद्धतीत) लिहिलेले बेस क्लॅरिनेट त्याहून आणखी एक सप्तक खाली वाजते. म्हणजे मूळ पट्टी ठेवल्यास दोघांनाही चार शार्प (अर्धा स्वर चढवलेले सूर; फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर उतरवलेला) येतात. शिवाय डबल बासचा आरंभीचा खर्जातला बी, लिहिलेल्या ई फ्लॅटपर्यंतच जाणाऱ्या साध्या बेस क्लॅरिनेटवर निघतच नाही, आणि चेलोच्या सप्तकात धून घेतली तर ती नेमकी ‘ब्रेक’, म्हणजे क्लॅरिनेटच्या खालच्या आणि वरच्या सुरांच्या पट्ट्यांमधला सांधा, ओलांडते. क्लॅरिनेट जोराने फुंकून सप्तक बदलत नाही, थेट बारावा स्वर देते. त्यामुळे खालच्या पट्ट्यातले शेवटचे जी ते बी फ्लॅट हे सूर फिके लागतात, आणि तिथून बीवर जाताना जवळजवळ सगळी बोटे एकदम टेकवावी लागतात. वेगात हे साधणे कठीण.

म्हणून मी ही रचना डी मायनरमध्ये नेतो. कागदावर ती ई मायनर, एकच शार्प, अशी होते आणि मुख्य धून खालच्या ई पासून त्याच्या वरच्या ई पर्यंत, म्हणजे ब्रेकच्या बरीच खाली, आरामात बसते. गंमत अशी की क्लॅरिनेट नंतर एक सप्तक वरून सामील होते तेव्हा दोघांच्या कागदावर तेच सूर आणि तीच बोटे असतात. पुढे चढताना मधले सप्तक सरळ टाळावे आणि क्लॅरिनेटला ब्रेकच्या वरच्या ई वर उडी घ्यायला लावावी. त्या वेळी बेस क्लॅरिनेटने धून सोडून पायाचे सूर आणि ठेका सांभाळावा. सगळे भाग दोघांनीच वाजवण्याचा हट्ट धरू नये. शेवटच्या जोरदार स्वरसमूहांत खर्जाचा मूळ सूर आणि त्याच्या वर दूर अंतरावर, त्याच्यापासून मोजलेला तिसरा सूर पुरतो. तोच तिसरा सूर खर्जाजवळ ठेवला तर नुसता घुमतो.

छेडलेल्या तारेचा परिणाम जिभेच्या टोकाच्या हलक्या, तुटक स्पर्शाने साधतो. वेग वाढत गेला की श्वास घेण्याच्या जागा आधीच कागदावर लिहून ठेवाव्यात आणि दोघांनी एकाच वेळी श्वास घेऊ नये.

सादरीकरणात किनाऱ्याची हवा आडवी येते. पावसाळ्यात लाकडाचे सांधे फुगतात आणि पॅड (छिद्रे झाकणाऱ्या गाद्या) चिकटतात, तेव्हा जोर न लावता पॅडखाली पातळ कागद ठेवून ओल टिपावी. रीड (मुखावरची वेताची पातळ चीप) ओली असताना डबीत बंद करू नये, तिला बुरशी धरते. दमट, गरम मंडपात दोन्ही वाद्यांचा सूर चढतो, पण बेस क्लॅरिनेट सावकाश तापते, म्हणून दहा-पंधरा मिनिटे फुंकल्यानंतरच सूर जुळवावेत आणि क्लॅरिनेट चढे असल्यास बॅरल (मुखाखालचा छोटा जोड) किंचित बाहेर ओढावे. गणपतीच्या मंडपात वारा असतो, तेव्हा कागदांना कपड्यांचे चिमटे लावावेत. पत्र्यावर पाऊस सुरू असेल तर आरंभीचा खर्ज ऐकूच येत नाही. अशा वेळी पहिली धून लिहिल्यापेक्षा मोठ्याने, पण तितकीच तुटक वाजवावी.