उबंटूत थीम टाकली पण अर्धीच लागतेय? आधी हे बघा

थीम डाउनलोड केली, ट्वीक्स नावाच्या सेटिंगच्या ॲपमध्ये जाऊन निवडली, आणि बघतो तर वरची पट्टी बदललीच नाही, फाइल्स पांढरंफटक, टर्मिनल मात्र मस्त काळंभोर. मग माणूस दुसरी थीम टाकतो, मग तिसरी, मग कुठलातरी व्हिडिओ बघून टर्मिनलमध्ये दहा ओळी पेस्ट करतो आणि शेवटी लिनक्सच भंगार आहे म्हणून मोकळा होतो. थीम बहुतेक वेळा खराब नसते हो, आपण ज्याला एक थीम म्हणतो ती प्रत्यक्षात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींना लागते आणि प्रत्येकीची वाट वेगळी असते एवढंच. म्हणून बिघडलेलं नेमकं काय आहे, वरची पट्टी, जुनी ॲप, नवी ॲप, का फ्लॅटपॅक-स्नॅपवाली (म्हणजे बंदिस्त पॅकेजमधून येणारी) ॲप, हे आधी ओळखायचं, कारण चारही ठिकाणी उपाय वेगळे आहेत.

मी हे उबंटू २४.०४ आणि त्यातलं ग्नोम ४६ हे डेस्कटॉप समोर धरून लिहितोय. डेबियन, फेडोरावाल्यांना पण बरंचसं चालेल. लिनक्स मिंटच्या सिनॅमनवाल्यांनी मात्र हे वाचून गोंधळू नका, तुमच्याकडे थीमचं सेटिंग सिस्टिममध्येच आहे आणि तिकडे कटकट कमी.

थीम लिस्टमध्ये दिसतच नाही

हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रॉब्लेम. थीमचं फोल्डर तुमच्या होममध्ये डॉट थीम्स (.themes) नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जायला हवं, आयकॉन आणि कर्सर डॉट आयकॉन्समध्ये (.icons). ही फोल्डरं नसतील तर स्वतः बनवा, नावाच्या आधी टिंब द्यायचं, आणि फाइल्समध्ये कंट्रोल एच दाबलं की लपलेलं सगळं दिसतं. आता खरी गंमत इथे आहे की झिप उघडली की बऱ्याचदा फोल्डरच्या आत फोल्डर तयार होतं, बाहेरच्याचं नाव थीमचंच, आतल्याचं पण तेच, आणि सिस्टिम बाहेरच्यात डोकावते, तिला काही सापडत नाही, ती गप्प बसते, एरर पण देत नाही. थीमचं फोल्डर उघडल्याबरोबर समोर जीटीके-३.०, जीटीके-४.० (जीटीके म्हणजे ग्नोमची ॲप ज्यावर बनतात ते टूलकिट), ग्नोम-शेल अशी फोल्डरं आणि इंडेक्स डॉट थीम नावाची फाइल दिसली पाहिजे. नाही दिसली तर एक पायरी आत जा आणि तिथलं फोल्डर उचलून डॉट थीम्समध्ये टाका.

आणि समोर एसआरसी नावाचं फोल्डर, इन्स्टॉलची स्क्रिप्ट असलं काही दिसत असेल तर तुम्ही थीम नाही, थीमचा सोर्स कोड उतरवलाय. तो तसाच कॉपी करून चालत नाही, स्क्रिप्ट चालवावी लागते, आणि बऱ्याच स्क्रिप्टला सास-सी (sassc) नावाचं पॅकेज आधी टाकलेलं लागतं. ते नसेल तर स्क्रिप्ट मध्येच थांबते आणि अर्धवट फोल्डर मागे ठेवते.

ट्वीक्स उघडं असताना थीम टाकली असेल तर ते बंद करून परत उघडा, लिस्ट ते सुरू होतानाच वाचतं.

वरची पट्टी, डॉक, मेनू बदलत नाही

हे सगळं ग्नोम शेलचं काम. शेलची थीम बदलायला युजर थीम्स हे एक्स्टेन्शन चालू असावं लागतं, ते नसेल तर ट्वीक्समध्ये शेलच्या ओळीपुढे पिवळं त्रिकोणी चिन्ह येतं आणि निवडायला काहीच मिळत नाही. एक्स्टेन्शन मॅनेजर टाका, त्यात युजर थीम्स शोधा, चालू करा, लॉगआउट करून परत या. लॉगआउट का, तर वेलँडवर, म्हणजे आताच्या नेहमीच्या सेशनमध्ये, शेल जागच्या जागी रिस्टार्ट करता येत नाही. तो ऑल्ट एफ२ दाबून आर टाइप करायचा जुना जुगाड फक्त जुन्या एक्सऑर्गच्या सेशनमध्ये चालतो, आणि उबंटू २५.१० पासून ग्नोमचं ते सेशनच काढून टाकलंय, त्यामुळे त्याची सवय सोडलेली बरी.

पट्टी बदलली पण मेनू विचित्र दिसतोय, बटणं एकमेकांवर चढलीत, वायफायचं नाव कापलं गेलंय, असं असेल तर थीम जुनी आहे. ग्नोम ४३ मध्ये, म्हणजे २०२२ च्या सप्टेंबरात, उजव्या कोपऱ्यातला मेनू पूर्ण बदलून क्विक सेटिंग्ज आलं, त्याआधीच्या थीमना त्या नव्या बटणांची माहितीच नाही. तुमचं ग्नोम कितवं आहे ते सेटिंग्जमध्ये अबाउटच्या आत बघा आणि थीमच्या पानावर तोच आकडा लिहिलाय का ते बघून मगच डाउनलोड करा. स्क्रीनशॉट बघून थीम निवडू नका, आकडा बघून निवडा.

पट्टी बदलते, फाइल्स आणि सेटिंग्ज बदलत नाहीत

आता मुख्य दुखणं. ट्वीक्समध्ये जिथे थीम निवडता तिथे नीट वाचलंत तर लेगसी ॲप्लिकेशन्स असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे ते स्वतःच सांगतंय की हे फक्त जुन्या ॲपसाठी आहे! २०२१ च्या ३१ डिसेंबरला लिबअद्वैता नावाची लायब्ररी आली आणि ग्नोम ४२ पासून एकेक ॲप तिच्यावर गेलं. फाइल्स, सेटिंग्ज, टेक्स्ट एडिटर, कॅल्क्युलेटर हे सगळे तिच्यावर, आणि ही लायब्ररी तुम्ही निवडलेल्या थीमकडे बघतच नाही. मुद्दाम. ॲप बनवणाऱ्यांपैकी काही जणांनी २०१९ मध्येच जाहीर पत्र लिहून विनंती केली होती की आमच्या ॲपना बाहेरून थीम लावू नका, कारण थीममुळे बटण दिसेनासं झालं की शिव्या ॲपवाल्याला पडतात. त्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. अर्धं अशासाठी की मशीन माझं आहे ना.

तरी लावायचीच असेल तर एकच खिडकी उघडी आहे. होममधल्या डॉट कॉन्फिगमध्ये जीटीके-४.० नावाचं फोल्डर, त्यात थीमच्या जीटीके-४.० मधलं सगळं टाकायचं, म्हणजे जीटीके डॉट सीएसएस, जीटीके-डार्क डॉट सीएसएस आणि असेट्स. बऱ्याच थीमच्या स्क्रिप्टमध्ये यासाठी वेगळा पर्याय असतो, ती कॉपी न करता लिंक बनवते.

आणि इथूनच पुढचा भुताटकीसारखा वाटणारा प्रॉब्लेम सुरू होतो. सहा महिन्यांनी तुम्ही थीम बदलता, ट्वीक्समध्ये नवी निवडता, सगळं बदलतं पण फाइल्स आणि सेटिंग्ज जुन्याच थीममध्ये अडकलेले, डार्क-लाइट बटण दाबलं तरी ढिम्म. ट्वीक्समध्ये कितीही खटपट करा, उपयोग नाही, कारण ती फाइल डॉट कॉन्फिगमध्ये बसून आहे आणि ट्वीक्सला तिचा पत्ताच नाही. त्या जीटीके-४.० फोल्डरचं नाव बदला, ॲप पूर्ण बंद करून उघडा (फाइल्स मागे चालू राहतं, म्हणून लॉगआउटच करा), झालं. डिलीट नका करू लगेच, नाव बदलून ठेवा. थीम न लागण्याच्या तक्रारी मी जेवढ्या बघतो त्यात हे एवढं एक फोल्डर तपासायचं राहून गेलेलं असतं असं फार वेळा निघतं.

याचाच भाऊ म्हणजे जीटीके थीम (GTK_THEME) नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. कुठल्यातरी व्हिडिओत सांगतात की हे प्रोफाइल फाइलमध्ये टाका म्हणजे सगळीकडे थीम लागेल. लागते खरी, पण ते टेस्टिंगसाठी आहे, ते असेपर्यंत ट्वीक्सचं कोणी ऐकत नाही आणि लिबअद्वैतावाल्या ॲपची पार वाट लागते. डॉट प्रोफाइल आणि ईटीसीमधली एन्व्हायर्नमेंट फाइल उघडून ती ओळ असेल तर काढा.

माझं विचाराल तर मी आता उलटं करतो. नव्या ॲपना हात लावत नाही, जुन्या ॲपना एडीडब्ल्यू-जीटीके३ ही थीम देतो म्हणजे जुनी ॲप नव्यासारखी दिसतात, सगळं एका रंगात येतं, आणि अपडेट आलं की काही तुटत नाही. दिसायला थोडं साधं आहे, चालतंय की.

फ्लॅटपॅक आणि स्नॅप

फ्लॅटपॅकचं ॲप स्वतःच्या खोलीत कोंडलेलं असतं, त्याला तुमचं डॉट थीम्स दिसतच नाही. काही नावाजलेल्या थीम फ्लॅटहबवर, म्हणजे फ्लॅटपॅकच्या स्टोअरवर, पॅकेज म्हणून मिळतात, तुमची असेल तर तीच टाका. नसेल तर फ्लॅटसील हे परवानग्या बदलायचं ॲप टाका, त्यात वर ऑल ॲप्लिकेशन्स निवडा, फाइलसिस्टिमच्या भागात डॉट थीम्सचा रस्ता द्या आणि डॉट कॉन्फिगमधल्या जीटीके-४.० चा पण द्या. दोन्ही द्या बरं का, कारण स्क्रिप्टने लिंक बनवली असेल तर जीटीके-४.० मधली फाइल ही नुसती खूण असते, खरी फाइल डॉट थीम्समध्ये, आणि एकाचीच परवानगी दिली की ॲपला खूण दिसते पण माल मिळत नाही.

स्नॅपमध्ये एवढी पण सोय नाही. तिथे ठरावीक थीमचं एक सामाईक पॅकेज असतं, तुमची थीम त्यात असेल तर ठीक, नसेल तर ॲप डिफॉल्टवर जातं. उबंटूचा फायरफॉक्स स्नॅप आहे म्हणून तो वेगळा दिसतो. फारच डोळ्यात खुपत असेल तर मोझिलाच्या स्वतःच्या रिपॉझिटरीत २०२४ च्या जानेवारीपासून नेहमीच्या फायरफॉक्सचं डेब (म्हणजे उबंटूचं साधं) पॅकेज मिळतंय, तिथून टाका.

किरकोळ पण डोकं खाणारे

व्हीएलसीसारखी क्यूटी या दुसऱ्या टूलकिटवर बनलेली ॲप जीटीकेची थीम घेत नाहीत, त्यांच्यासाठी क्यूटी५सीटी आणि क्व्हांटम टाका. क्यूटी५सीटी उघडल्यावर व्हेरिएबल सेट नाही असं तेच सांगतं, कुठलं ते पण सांगतं. जीपार्टेड, सिनॅप्टिक ही ॲप रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मालकाच्या, हक्काने चालतात, ती तुमच्या होममध्ये बघत नाहीत, त्यांना थीम हवी असेल तर ती यूएसआर-शेअर-थीम्समध्ये ठेवावी लागते. आयकॉनच्या जागी कोरे चौकोन दिसत असतील तर आयकॉन थीमची इंडेक्स फाइल उघडून इन्हेरिट्सची ओळ बघा, तिथे लिहिलेली मूळ थीम तुमच्याकडे नसते बऱ्याचदा.

आपल्याकडचा खास त्रास म्हणजे मराठी. सेटिंग्जमध्ये फॉरमॅट मराठी ठेवला की वरच्या पट्टीत वार-तारीख मराठीत येते, छान वाटतं, पण काही थीममध्ये पट्टीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठोकून बसवलेली असते आणि वरची वेलांटी नाहीतर खालचा उकार कापला जातो. थीमच्या ग्नोम-शेल फोल्डरमधली सीएसएस फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, पॅनेल शब्द शोधा, त्याच्या कंसात हाइट असेल तिथला आकडा चार-सहाने वाढवा, मग शेलची थीम एकदा डिफॉल्ट करून परत निवडा. फॉन्टचं पण एक आहे, उबंटूच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे मराठी अक्षरं लोहित किंवा नोटोसारख्या दुसऱ्या फॉन्टमधून येतात आणि इंग्रजीशेजारी लहानमोठी दिसतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ (Mukta) नावाचा फॉन्ट फुकट आहे, त्यात दोन्ही लिप्या आहेत, ट्वीक्समध्ये इंटरफेस फॉन्ट म्हणून तो दिला की बरंच जुळून येतं.

लॉगिननंतर स्क्रीनच काळी

घाबरू नका, तुमच्या फाइली जागेवर आहेत. कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबा, काळ्या पडद्यावर नाव-पासवर्ड द्या, एमव्ही कमांडने डॉट थीम्स फोल्डरचं नाव बदला (mv ~/.themes ~/.themes-old), रीबूट करा. शेलला थीम सापडली नाही की ते गुपचूप डिफॉल्टवर येतं. तरीही काळंच असेल तर दोष थीमचा नसून एखाद्या एक्स्टेन्शनचा असू शकतो, होममध्ये डॉट लोकल, शेअर, ग्नोम-शेल असं आत जाऊन तिथल्या एक्स्टेन्शन्स फोल्डरचं नाव पण तसंच बदला.

थीमची स्क्रिप्ट सुडो लावून, म्हणजे रूटच्या हक्काने, चालवू नका, ती सांगत नसेल तोवर. एक तर लिंका रूटच्या होममध्ये तयार होऊ शकतात आणि तुमच्याकडे काहीच बदलत नाही, दुसरं म्हणजे स्क्रिप्ट काय करेल याची खात्री नसते. २०२४ च्या मार्चमध्ये केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या थीम स्टोअरवरची एक ग्लोबल थीम टाकल्यावर एका माणसाच्या फाइली उडाल्या होत्या, त्यात सुडोची पण गरज लागली नाही, कोडमधली डिलीटची कमांड नको तिथे चालली इतकंच. साधी सीएसएसवाली थीम असं काही करू शकत नाही, स्क्रिप्ट करू शकते.

लॉगिनची स्क्रीन, म्हणजे जीडीएम, तिची थीम शेलच्या एका बांधलेल्या रिसोर्स फाइलमध्ये असते आणि ती बदलायला सिस्टिमच्या फाइलला हात लावावा लागतो. स्क्रिप्टा आहेत त्यासाठी. पण ग्नोम शेलचं अपडेट आलं की ती फाइल परत मूळची होऊ शकते, आणि बदलताना गडबड झाली तर लॉगिनचीच पंचाईत, त्यामुळे दिवसातून दहा सेकंद दिसणाऱ्या पडद्यासाठी मी ते करत नाही. तुम्हाला करायचंच असेल तर मूळ फाइलची कॉपी आधी बाजूला ठेवा.