पोरांना घेऊन पानिपतला जायचंय? मग अर्धी तयारी घरीच करा

पानिपतात बघायला फार काही नाहीये हे आधीच सांगून टाकते, उगाच तिथं जाऊन हिरमोड नको. रायगड, प्रतापगड बघितलेल्या पोरांना वाटतं की लढाईची जागा म्हणजे बुरूज असणार, तोफा असणार, एखादी चोरवाट तरी असणारच, आणि इथं आहे काय तर एक बाग, बागेत विटांचा एक खांब आणि आजूबाजूला नजर पोचेल तिथवर सपाट शेतं. माझा दहा वर्षांचा लेक गाडीतून उतरला, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाला, "आई, आंबा कुठंय?" कारण काला आंब, काला आंब म्हणून मी दोन महिने त्याचं डोकं खाल्लं होतं, आणि ते झाड आता नाही, त्या जागी खांब आहे, एवढंच नेमकं सांगायचं राहून गेलं होतं.

म्हणून म्हणते, तिकीट काढायच्या आधी गोष्ट काढा. निघायच्या महिनाभर आधीपासून रोज रात्री दहा मिनिटं पुरतात. आमच्याकडे कॅरमच्या सोंगट्यांनी काम झालं. टेबलावर वर्तमानपत्राची एक लांब पट्टी ठेवली उभी, ती यमुना. खालच्या टोकाला वाटी, ती दिल्ली. वरच्या बाजूला दुसरी वाटी, पानिपत. पांढऱ्या सोंगट्या भाऊंच्या, म्हणजे मराठ्यांच्या, काळ्या अफगाण अब्दालीच्या. सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये परतूरहून निघाले, ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, ऑक्टोबरात आणखी वर जाऊन कुंजपुरा घेतला, तोवर पांढऱ्या सोंगट्या वर सरकवत न्यायच्या. आणि मग काळ्या सोंगट्या पट्टीच्या पलीकडून उचलून बागपतजवळ अलीकडे आणायच्या, म्हणजे बरोबर पांढऱ्या सोंगट्या आणि दिल्लीची वाटी यांच्या मधे. हे झालं की पोरं स्वतःच ओरडतात, अरे मग घरी कसं जाणार! तेच तर कळायला हवं असतं. अब्दाली उत्तरेकडून आलेला, पण उभा दक्षिणेला, आणि आपलं सैन्य दक्षिणेतून आलेलं, ते उत्तरेला अडकलेलं, रसद तुटलेली, सोबत बायका-मुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे, आणि हे सगळं सुमारे अडीच महिने. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली तेव्हा माणसं उपाशी होती हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

कुठल्या वयाला किती सांगायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण माझं मत विचाराल तर आठ-नऊच्या आतल्यांना लढाईनंतरची कत्तल सांगू नका, बरीच माणसं परत आली नाहीत एवढं बास. छोट्यांना जंबुरक सांगा, म्हणजे उंटाच्या पाठीवर बसवलेली छोटी तोफ, अब्दालीकडे त्या होत्या, माझी सहा वर्षांची लेक पुढे आठवडाभर सोफ्याच्या पाठीवर बसून धडाधड करत होती. मोठ्यांना विश्वासरावाचं वय सांगा. आपण "विश्वास गेला पानिपतात" असं येता-जाता म्हणतो, पण तो नानासाहेब पेशव्यांचा मुलगा तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीसचा होता, म्हणजे सोसायटीतला फर्स्ट इयरचा दादा, हे ऐकल्यावर पोरं गप्प होतात. आणि इब्राहिमखान गारदी न चुकता सांगा, आपला तोफखाना त्याच्या हाती होता आणि तो शेवटपर्यंत भाऊंबरोबर राहिला. नाहीतर पोरं ही लढाई या धर्माची विरुद्ध त्या धर्माची असं काहीतरी डोक्यात घेऊन बसतात.

एक खेळ मस्त चालतो. लढाईनंतर दक्षिणेत जी बातमी आली ती सावकाराच्या हिशोबाच्या भाषेत होती, दोन मोत्यें गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. हे कागदावर लिहून पोरांना ओळखायला लावा. मोती कोण, मोहरा कोण, खुर्दा कोण. आमच्याकडे मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव हे दोन मिनिटांत निघालं, मोहरा म्हणजे सरदार हेही, खुर्द्याला जरा वेळ लागला, आणि कळल्यावर लेक म्हणाला, "म्हणजे सैनिकांची नावंपण नाही लिहिली?" नाही लिहिली, बाबा.

आता तारखा. बऱ्याच जणांच्या मनात १४ जानेवारीलाच जायचं असतं, त्या दिवशी काला आंबला शौर्य दिनाचा कार्यक्रम असतो, महाराष्ट्रातून माणसं येतात, वातावरण भारी असतं. पण लहान पोरं असतील तर मी तरी नाही म्हणेन, कारण गर्दी आणि भाषणं हा एक भाग झाला, खरा ताप धुक्याचा. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारी संपेपर्यंत तिकडे धुकं असं पडतं की समोरची गाडी दिसत नाही, ट्रेन तासन् तास लेट, फ्लाइटचंही तेच. मे महिन्याच्या सुट्टीचा तर विचारही नको, उघड्या मैदानात पंचेचाळीसच्या घरातल्या उन्हात पोरांना इतिहास काय कळणार. दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते पण तेव्हा शेतातली पराळी जाळतात, दिल्लीची हवा वाईट असते, दमा वगैरे असेल तर टाळाच. राहिला फेब्रुवारीचा मध्य ते मार्च. शाळेचे तीन-चार दिवस बुडतात, बुडू द्या.

जायचं कसं, तर पानिपत दिल्लीहून साधारण नव्वद किलोमीटर, सरळ हायवे, जुना जीटी रोड, आताचा ४४ नंबर. दिल्ली-अंबाला लाइनवर पानिपत जंक्शन आहे, त्यामुळे ट्रेननेही दीड-दोन तासांत होतं, पण पोरं बरोबर असतील तर दिल्लीहून दिवसभराची कॅब करा, कारण काला आंब गावापासून आठेक किलोमीटर बाहेर आहे. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचं जेवण धरून किती ते आधीच बोलून घ्या. आणि ड्रायव्हरला नुसतं पानिपत सांगू नका, आमच्या ड्रायव्हरने आम्हाला थेट चादरींच्या मार्केटला नेऊन उभं केलं, त्याच्या मते पानिपतला माणसं त्याच्यासाठीच येतात, आणि तसा तो काही चुकीचाही नव्हता.

दिल्लीपर्यंत विमानाने गेलात तर दोन तासांत, पण जमलं तर एकदा तरी ट्रेनने जा, कारण भाऊंची वाट आणि आपली ट्रेनची वाट बऱ्यापैकी एकच आहे. बऱ्हाणपूर, मग नर्मदा, ग्वाल्हेर, चंबळ, आग्रा, मथुरा, दिल्ली. पोरांच्या हातात नकाशा द्या आणि एकेक ठिकाण आलं की टिक करायला सांगा. नर्मदेच्या पुलावर गाडी खडखडायला लागली की सांगा, इथं पूल नव्हता, हत्ती, तोफा, बैल, सगळं नदी उतरून न्यायचं. आपल्याला एक दिवस लागतो, त्यांना दिल्लीला पोचायला साडेचार-पाच महिने लागले. फक्त रात्री चंबळ आली तर झोपलेल्या पोराला उठवायचं की नाही ते आधी ठरवा, मी उठवलं, आणि नवऱ्याचं बोलणं खाल्लं.

त्या दिवशी दिल्लीतून सहा-साडेसहाला निघा. शहर सोडताना उजव्या हाताला बुराडी राहते, तिथं दत्ताजी शिंदे पडले, पानिपतच्या एक वर्ष आधी, १० जानेवारी १७६० ला. "बचेंगे तो और भी लडेंगे" पोरांना माहीत असतंच, फक्त ते इथलं आहे हे माहीत नसतं. मग मुरथलला पराठे, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा, एक पराठा दोन पोरांना पुरतो हे लक्षात ठेवून ऑर्डर करा. आणि बाथरूमचं सगळं तिथंच उरकून घ्या, पुढे कुठं बरं मिळेल याची खात्री नाही.

काला आंबला सगळ्यात आधी जा, ऊन चढायच्या आत. खांब बघायला पाच मिनिटं लागतात, त्यामुळे पाच मिनिटांत परत गाडीत बसू नका. बागेत एका बाजूला जाऊन पोरांना दक्षिणेकडे तोंड करून उभं करा, मोबाइलमध्ये होकायंत्र असतंच. समोर दिल्ली, मधे अब्दाली. डावीकडे इब्राहिमखान आणि त्याचे गारदी, म्हणजे कवायती बंदूकधारी, मधे भाऊ आणि विश्वासराव, उजवीकडे शिंदे, होळकर. डाव्या हाताला लांब यमुना, दिसत नाही पण आहे. आम्ही चौघं होतो, लेकाला इब्राहिमखान केला, लेक मधे विश्वासराव, कारण तिला हत्ती हवा होता आणि हत्ती म्हणजे बाबांचे खांदे, मी उजवीकडे. आणि मग विश्वासरावाला गोळी लागली असं सांगून तिला खाली उतरवलं, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, लांबून लोकांना रिकामी अंबारी दिसली. लेक ओरडला, "अगं पण मला इथून बाबाच दिसत नाहीयेत!" पंधरा पावलांवर उभा होता तो, वाकून बुटाची लेस बांधत होता. मैदानात धूर, धूळ, आणि सरदार दिसेनासा होणं म्हणजे काय ते त्याला तेवढ्यात कळलं, मला वेगळं काही बोलावं लागलं नाही.

तिथं कुणी स्थानिक भेटलं तर बोला. आपण महाराष्ट्रातून आलोय म्हटल्यावर बोलणं एकदम आपुलकीचं होतं, त्या भागातला रोड समाज स्वतःला पानिपतनंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतो. चहाचा आग्रह झाला तर नाही म्हणू नका, वेळ जातो पण पोरांना हेच लक्षात राहतं.

पानिपतचं म्युझियम आहे, तेही करा, फक्त सोमवार धरू नका, सरकारी म्युझियम बरीचशी सोमवारी बंद असतात. मग गावात काबुली बाग मशीद, बाबराने १५२६ ची पहिली लढाई जिंकल्यावर बांधलेली, शांत आहे आणि सावली आहे. ज्याला हरवलं त्या इब्राहिम लोदीची कबर गावातच आहे, साधा विटांचा चौथरा, दहा मिनिटं. दुसरी लढाई १५५६ ची, हेमूच्या डोळ्यात बाण लागला ती, ही गोष्ट पोरांना जाम आवडते, कारण काय माहीत नाही. तीनही वेळा इथंच का, असं पोरं विचारणारच, तर उत्तर सोपं आहे, उत्तरेकडून दिल्लीवर येणारा रस्ता हाच, बाजूला यमुना आणि मधे लढायला मोकळं मैदान.

पोरं दमली नसतील तर परत दिल्लीला न येता तसंच पुढे कुरुक्षेत्रला मुक्कामाला जा, सत्तरेक किलोमीटर. दुसऱ्या दिवशी तिथलं पॅनोरमा दाखवा, गोल इमारत, वरच्या मजल्यावर चहूबाजूंनी महाभारताचं युद्ध उभं केलंय आणि खाली हात लावून बघायचे विज्ञानाचे खेळ. खरं सांगू, माझ्या पोरांनी घरी आल्यावर मित्रांना आधी तेच सांगितलं, पानिपत नंतर. लेकाचं पानिपत एकदम दोन आठवड्यांनी बाहेर आलं, जेवताना मधेच, "पण महादजी तर वाचला ना?" वाचला, महादजी शिंदे पायाने अधू झाला, आणि दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठे परत दिल्लीत होते. हा शेवट आधीच सांगून टाकू नका, पोरांनी विचारेपर्यंत राखून ठेवा.

खरेदीचं म्हणाल तर चादरी, सोलापुरी असेल घरी तरीही घेतली जातेच, आणि पानिपतचं पचरंगा लोणचं. बरणी विमानात हातातल्या बॅगेत ठेवू नका, सिक्युरिटीला काढून घेऊ शकतात. चेक-इन बॅगेत ठेवायची तर दोन पिशव्यांत, नीट गाठ मारून, आणि नव्या चादरीच्या घडीत तर अजिबात नाही.