दुसऱ्या भागातल्या वाचनालयात मुलांना कार्यक्रमाला नेताना

घराजवळच्या वाचनालयात बालविभाग म्हणजे एखादं कपाट, आणि दादर-पार्ल्याला मात्र कथाकथन, अभिवाचन, सुट्टीतली शिबिरं. मग डोंबिवलीच्या, विरारच्या मुलांनी तिथे जायचं का? जरूर जायचं. बहुतेक वाचनालयांत कार्यक्रमाला बसायला सभासदत्व लागत नाही. पुस्तक घरी न्यायला लागतं, कारण त्यामागे वर्गणी आणि अनामत रक्कम असते. हा फरक मुलाला घरून निघतानाच सांगा. नाहीतर छातीशी धरलेलं पुस्तक काउंटरवर परत द्यायची वेळ येते आणि सगळा दिवस रडण्यात जातो.

जायचं कधी? १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी, या काळात कार्यक्रम जास्त असतात. महिनाभर आधी चौकशी सुरू करा. पार्ले पूर्वेचा लोकमान्य सेवा संघ (स्थापना १९२३), दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८), ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) अशा जुन्या संस्थांपासून सुरुवात करणं सोपं. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुमारास दक्षिण मुंबईत भरणाऱ्या काळा घोडा महोत्सवात मुलांसाठी साहित्याचे वेगळे कार्यक्रम असतात आणि प्रवेश विनामूल्य असतो.

फोन केल्याशिवाय निघू नका. बरीच वाचनालयं दुपारी बंद असतात, शिवाय आठवड्याची सुट्टी प्रत्येकाची वेगळी. म्हणून सकाळी किंवा संध्याकाळी पाचनंतर फोन करा आणि बालविभाग बघणाऱ्यांशीच बोला. बोलणं असं ठेवा: "नमस्कार, आम्ही डोंबिवलीहून बोलतोय, सभासद नाही. मुलगी तिसरीत आहे. रविवारच्या कार्यक्रमाला तिला आणलं तर चालेल का?" वयापेक्षा इयत्ता सांगा, कारण कार्यक्रम बहुधा इयत्तेप्रमाणेच आखलेले असतात. मग विचारा: नावनोंदणी लागते का, संपणार किती वाजता, पालकांनी आत बसायचं की बाहेर, आणि कार्यक्रम नक्की कुठल्या शाखेत. शेवटचा प्रश्न विसरू नका. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेच्या शाखा शहरभर आहेत. मुख्य इमारतीत पोचल्यावर कार्यक्रम दुसरीकडे आहे हे कळलं, तर तो हातचा गेलाच.

कथाकथन आणि कार्यशाळा यांत मोठा फरक आहे. गोष्ट ऐकायला सतरंजीवर चार मुलं जास्त मावतात. कार्यशाळेत कागद, रंग, कात्र्या मोजून आणलेल्या असतात. तिथे आयत्या वेळी शेजारची दोन मुलं सोबत नेलीत, तर त्याच गल्लीतल्या, वर्षभर येणाऱ्या मुलांच्या वाट्याचं साहित्य जातं. हे आम्हाला अजिबात पटत नाही. जेवढी नावं दिलीत तेवढीच मुलं न्या, आणि जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा.

प्रवासाचं गणित रविवारी चुकतं, कारण मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास बंद ठेवलेला रेल्वेमार्ग. आदल्या दिवशी वेळापत्रक बघा. माटुंगा-मुलुंड दरम्यान जलद मार्गावर ब्लॉक असला की जलद गाड्या धीम्या मार्गावरून जातात आणि उशीर होतो. पार्ल्याला धीमी गाडीच पकडायची, त्यामुळे मध्य रेल्वेवरून येणाऱ्यांनी दादरचा पूल आणि पुढच्या गाडीची वाट यांसाठी वीस मिनिटं धरा. ५ वर्षांखालच्या मुलाला लोकलचं तिकीट लागत नाही. ५ पूर्ण ते १२ वर्षांच्या आत अर्धं तिकीट. कार्यक्रमाच्या पंधरा मिनिटं आधी पोचा. दमून आलेलं मूल थेट सतरंजीवर बसलं की दुसऱ्या गोष्टीला पेंगतं. आधी पाणी, थोडा खाऊ, मग आत.

खाऊ कोरडा आणि मसाला नसलेला हवा: चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, केळं. कुरकुऱ्यांचा नारिंगी मसाला बोटांवरून पानाच्या कोपऱ्यावर उतरतो आणि पुसून जात नाही. पावसाळ्यात ओल्या चपला आणि छत्रीसाठी एक प्लास्टिकची पिशवी, हात पुसायला एक पंचा ठेवा.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांची एक अडचण हमखास येते. त्यांना मराठी गोष्ट छान कळते, पण सगळ्यांसमोर मराठी मजकूर मोठ्याने वाचायला दिला की ती अडखळतात आणि पुन्हा यायला नको म्हणतात. कार्यक्रम घेणाऱ्या ताईंना किंवा दादांना आधीच बाजूला सांगा, "पहिल्यांदा हिला वाचायला देऊ नका, ऐकू द्या." ते समजून घेतात. नवीन जागी मूल पहिल्या खेपेला गप्प बसलं तरी कोपराने ढोसू नका.

निघण्याआधी मुलाला आवडलेलं पुस्तक पुन्हा हातात घ्या. मुखपृष्ठ उलटून पुढच्या एक-दोन पानांत प्रकाशक आणि आवृत्ती छापलेली असते. परवानगी घेऊन तेवढ्या पानाचा फोटो काढा. घरी आल्यावर आपल्या वाचनालयातल्या सूचना वहीत शीर्षक, लेखक, प्रकाशक असं पूर्ण लिहा. नुसतं "ते हत्तीचं पुस्तक" लिहिलं तर ग्रंथपालांना ते मागवता येत नाही. महिनाभराने जाऊन विचारा, आणि विचारायला मुलालाच पुढे करा.