घरात लहान मूल आहे आणि कुत्रा आणायचाय? आधी एवढं बघून ठेवा

जात कुठली हा प्रश्न नंतरचा. सकाळ-संध्याकाळ कुत्र्याला फिरवायला कोण नेणार, ते आधी ठरवा, आणि ती व्यक्ती घरातली मोठीच असू दे. तीस किलोचा लॅब्रेडॉर मांजरामागे सुटला की आठ वर्षांच्या मुलाच्या हातात पट्टा टिकत नाही.

मूल पाचच्या आतलं असेल तर माझं स्पष्ट मत आहे, पिल्लू नको. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात पक्के दात येताना पिल्लू दिसेल ते चावतं. मुलाचा पायजमाही आणि पोटरीही. त्यापेक्षा दोन-तीन वर्षांचा, मुलांत वावरलेला कुत्रा दत्तक घ्या. त्याचा स्वभाव समोर दिसत असतो. आपला गावठी कुत्रा यात बहुतेकदा उजवा ठरतो, कारण इथली हवा त्याला मानवते. हस्कीला आपला उन्हाळा सोसत नाही, पगला चपट्या नाकामुळे उकाड्यात धाप लागते. बीगल मुलांत रमतो, पण त्याचा आवाज दोन मजले ऐकू जातो. अगदी चिमुकल्या जातीही नकोत. मुलाच्या हातून पडलं तर हाड मोडतं.

बघायला जाताना मुलाला घेऊन जा, आणि एका भेटीवर ठरवू नका. मुलाला खाली बसवा, कुत्र्याला आपणहून येऊ द्या. अंग सैल, शेपटीबरोबर ढुंगणही हलतंय, तर चांगलं. पण तो मान फिरवतोय, उगाच जांभया देतोय, सारखी नाकावर जीभ फिरवतोय किंवा डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, तर त्याला मूल नकोसं झालंय. ‘होईल सवय’ कुणी कितीही म्हणो, दुसरा बघा. तो खात असताना कुणी जवळ गेलं तर गुरगुरतो का, हे सांभाळणाऱ्याला नक्की विचारा.

पिल्लूच घ्यायचं ठरलं, तर आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नका. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार ते विकताही येत नाही. त्याची आई बघायला मागा. लसीचं कार्ड, जंतांच्या औषधाच्या तारखा हातात घ्या. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात सुरू होते. महापालिकेचा परवाना काढतानाही त्या लसीचा दाखला लागतो.

घरात कुत्र्यासाठी एक कोपरा असा ठेवा, जिथे मुलाने जायचंच नाही. जेवताना आणि झोपलेला असताना त्याला हात लावायचा नाही, हे मुलाला आतापासूनच शिकवा. मुलाच्या खाऊतले मनुके, चॉकलेट जमिनीवर राहू देऊ नका. कुत्र्याला ते विषारी आहेत. कांद्याचंही तेच. दोघांना एका खोलीत एकटं सोडायचं नाही, कुत्रा कितीही गरीब असला तरी.

आणि चावला किंवा नुसता ओरखडा उठला तरी, घरचाच असला तरीही, हळद-चुना-तिखट काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी मुलाला डॉक्टरकडे न्या.