प्राणिसंग्रहालयातलं आवार कसं पारखायचं

शेजारी शेजारी दोन आवारं आहेत असं समजा. एक नुसतंच ऐसपैस: गवत, थोडी झाडं, एक तळं. दुसरं लहान, पण पाऊल टाकताच वेली, धुकं, धबधब्याचा आवाज आणि काचेपलीकडे गोरिला. बहुतेकांचं मन दुसऱ्यावर जडतं. मी प्राणिपाल म्हणून अशा आवारांत मागच्या दारानं शिरत आले. माझं सांगणं एकच: आतल्या जिवाला त्यातलं काय वापरता येतं, ते आधी बघा.

वही-पेन्सिल घ्या आणि आवाराचा ढोबळ नकाशा काढा. एक तास एकाच प्राण्यासमोर थांबा. दर पाच मिनिटांनी तो जिथे असेल तिथे फुली मारा, शेजारी एका शब्दात काम लिहा: झोप, चरणं, हुंगणं, येरझाऱ्या. सगळ्या फुल्या आतल्या दाराशीच पडल्या, तर एवढ्या मोठ्या जागेचा त्याला उपयोग काय? पण लगेच निकाल देऊ नका. खाण्याची वेळ जवळ आली की धडधाकट प्राणीही दाराशी घुटमळतो. ती वेळ विचारून घ्या आणि खाणं झाल्यावर पुन्हा बघा. तेव्हाही तोच रस्ता, तेच वळण, जमिनीवर पडलेली तीच पायवाट दिसली, तर ती नोंद गंभीर.

म्हणून आकार गौण ठरतो असं मुळीच नाही. २००३ साली ऑक्सफर्डच्या संशोधक रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी दाखवलं, की निसर्गात लांबवर फिरणाऱ्या मांसभक्षकांमध्ये, उदाहरणार्थ ध्रुवीय अस्वलात, बंदिवासातल्या येरझाऱ्या आणि पिल्लांचे मृत्यू जास्त असतात. अशा प्राण्याला धबधब्याचा देखावा देऊन भागत नाही.

आता सजावटीकडे वळा. जर्मन प्राणीव्यापारी कार्ल हागेनबेकनं १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळच्या आपल्या प्राणिसंग्रहालयात गज काढून खंदक खणले, तेव्हापासून दृश्य सुंदर झालं, पण ते पाहणाऱ्याच्या बाजूनं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या वुडलँड पार्क प्राणिसंग्रहालयानं गोरिलांना खरीखुरी दाट झाडी दिली आणि बघणाऱ्यालाही त्याच झाडीत उभं केलं. पुढे नक्कल झाली ती मात्र बऱ्याचदा फक्त बघणाऱ्याच्या बाजूची. ती ओळखायची तर झाडाच्या बुंध्यावर नजर ठेवा. झाड वाचवण्यासाठी भोवती विजेच्या झटक्याची तार असेल, तर ते झाड तुमच्यासाठी आहे, माकडासाठी नाही. खडक सिमेंटचा आहे का? दुपारी तो तापतो का, त्यावर कुणी बसतं का? वेली वजन पेलतात का?

उलट, दिसायला रुक्ष गोष्टींना कमी लेखू नका. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात १९९५ पासून उंच मनोरे आणि त्यांना जोडणाऱ्या तारा आहेत. त्यांवरून ओरांगउटान लोकांच्या डोक्यावरून एका इमारतीतून दुसरीकडे जातात. त्यात जंगलासारखं काहीही दिसत नाही, पण जायचं की नाही हे तो प्राणी ठरवतो. मला ही व्यवस्था फार आवडते. झाडावर राहणाऱ्या प्राण्याचं आवार मोजताना एकर सोडा, मान वर करा.

लपायला जागा हवीच. स्वित्झर्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी फार पूर्वी सांगितलं होतं, की माणूस ठरावीक अंतराच्या आत आला की रानटी प्राणी पळतो. दोन्ही बाजूंनी काच असेल, तर पळणार कुठे? तासभर थांबूनही बिबट्या दिसला नाही, तर चिडू नका. त्या आवाराला त्याबद्दल एक गुण जास्त द्या.

शेवटी प्राणिपालाला गाठा. आवार धुऊन झाल्यावर तो जरा मोकळा असतो. संध्याकाळी किती वाजता आत घेता, सकाळी किती वाजता सोडता, मधलं दार रात्री उघडं असतं का, आत जमीन कशाची आहे, हे विचारा. अनेक ठिकाणी प्राण्याच्या दिवसाचे निम्म्याहून अधिक तास या मागच्या खोलीत जातात, आणि सगळा खर्च मात्र पुढच्या देखाव्यावर झालेला असतो. उत्तरं नकाशाच्या मागे लिहा. तारीख, वेळ, हवामान घाला आणि एक प्रत कार्यालयात द्या. आमच्याकडे असे कागद आले की मी ते ठेवून घ्यायचे. स्वच्छतेच्या घाईत आम्हाला एका प्राण्यापुढे सलग तासभर उभं राहायला क्वचितच मिळायचं.