ऑक्सिजनच्या कामात साहित्य निवडताना

रुग्णालयांच्या ऑक्सिजन वाहिन्यांच्या कामात नव्याने येणाऱ्या अभियंत्यांना मी सुरुवातीलाच सांगतो की ऑक्सिजन स्वतः जळत नाही. मात्र त्याचा दाब वाढला की एरवी पेट न घेणाऱ्या वस्तूही जळू लागतात, आणि त्यांत ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टीलही आले. म्हणून एखादा भाग किती दाब सोसेल याइतकेच तो पेटला तर आग कुठवर पोहोचेल हेही पाहावे लागते, आणि कॅटलॉगमध्ये बहुधा पहिल्याच प्रश्नाचे उत्तर असते.

अशा आगीला बाहेरची ठिणगी लागतेच असे नाही. सुमारे १५० बार दाबाच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला, तर पुढच्या बंद नळीतला वायू एकदम दाबला जातो आणि उष्णता बाहेर जायला अवधीच न मिळाल्याने त्याचे तापमान, निदान हिशेबाने, ९०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. नळीच्या टोकाशी नायलॉनची सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना ज्यावर टेकतो ती गादी, असेल तर तिला पेटायला याच्या निम्मेही तापमान पुरते, आणि तिच्या ज्वाळेने शेजारचा धातू पेटू शकतो. त्यामुळे उच्च दाबाच्या बाजूला पाव फेऱ्यात उघडणारा बॉल व्हॉल्व्ह मी बसवू देत नाही. तिथे सावकाश उघडणारा, पितळी अंगाचाच हवा. १९९९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲल्युमिनियमच्या रेग्युलेटरांना (सिलिंडरचा दाब कमी करणाऱ्या उपकरणांना) लागलेल्या आगींनंतर पितळी रेग्युलेटर वापरण्याची शिफारस केली होती. टायटॅनियम गंजत नाही म्हणून कुणी सुचवले, तर ठाम नकार द्यावा. ऑक्सिजनमध्ये ते फार सहज पेटते.

योग्य भागही तेलकट राहिला तर धोकादायकच, कारण तेल ऑक्सिजनमध्ये सहज पेटते. तेल शोधायच्या अतिनील दिव्याखाली काही तेले चमकतात, सगळी नव्हे; त्यामुळे केवळ दिव्यावर विसंबता येत नाही. म्हणून स्वच्छतेचा दाखला आणि स्वच्छ केलेल्या भागाची बसवण्याच्या क्षणापर्यंत न फोडलेली पिशवी, दोन्हींचा आग्रह धरावा. आट्यांना साधे ग्रीस कधीही लावू नये.

सर्वांत जास्त जपावे लागते ते दुरुस्तीच्या वेळी. नायट्राइल आणि व्हायटॉन या दोन कृत्रिम रबरांची ओ-रिंग (सांध्यातून गळती रोखणारी गोल रिंग) तळहातावर शेजारी ठेवली, तर दोन्ही काळ्या आणि सारख्याच मऊ लागतात. ऑक्सिजनमध्ये मात्र व्हायटॉन बऱ्याच जास्त तापमानापर्यंत टिकते. म्हणून सुटे भाग उत्पादकाच्या क्रमांकानेच मागवावेत, आणि क्रमांक नसलेली रिंग मापात कितीही चपखल बसली तरी परत पाठवावी.