कुत्र्याची आगोट

सुकी मासळी, आमसुलं, कुळीथ, पापड, लाकूडफाटा. ही आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, कोकणात कुणाला शिकवावी लागत नाही. कुत्र्याची मात्र कुणी भरत नाही. मग आषाढात वाटेवर झाड आडवं पडतं, एसटी बंद होते, त्यातच कुत्रा आजारी पडतो, आणि फळीवर हाताला लागेल ते त्याच्या अंगाला चोपडलं जातं. म्हणून मृग लागायच्या आत, मे महिन्याचं ऊन आहे तोवर, पुढचं सगळं एका घट्ट झाकणाच्या डब्यात जमवा.

डब्याच्याही आधी बादली, कुत्र्याने अंग चाटू नये म्हणून गळ्यात घालायची. तेल आणि हळद नंतर. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे बाकी सगळं होतं, तेवढी ती नव्हती. करंजेल (करंजाच्या बियांचं तेल) लावून हात धुवायला गेलो तेवढ्यात टायगरने (गावात दर तिसरा कुत्रा टायगर, आमचाही) अंग चाटून लख्ख केलं आणि रात्रभर पडवीत ओकत बसला. कुत्र्याच्या कातडीवर लावलेली प्रत्येक गोष्ट अखेर त्याच्या पोटात जाते, हे एकदा डोक्यात पक्कं करा. दवाखान्यात गळ्याभोवती घालायचा प्लास्टिकचा कर्णा मिळतो, पण ऐन पावसात मापाचा मिळेलच असं नाही. घरीच करा. जुनी, मऊ प्लास्टिकची बादली घ्या, कडी काढून टाका. तळाला डोकं जेमतेम आत जाईल एवढं भोक तापवलेल्या सुरीने कापा. कापलेली कड बोचते, तिच्यावर सायकलची ट्यूब उभी चिरून बसवा आणि दोऱ्याने टाचा. भोकाभोवती चार छिद्रं पाडून नाडी ओवा आणि ती गळ्यातल्या पट्ट्यात अडकवा. बादलीचं तोंड त्याच्या नाकापुढे तीन-चार बोटं यायला हवं. आखूड राहिली तर तो मान मुरडून हवं तिथे बरोबर पोचतो. लांब झाली तर पाणी पिता येत नाही, तेव्हा पाण्याचं भांडं चिऱ्यावर उंच ठेवा.

आणि ही बादली तो धडधाकट असतानाच चार-पाच वेळा घालून ठेवा, भाकरीचा तुकडा देत देत. आजारी कुत्र्याच्या गळ्यात पहिल्यांदा बादली अडकवायला गेलात तर तो घरभर भांडी पाडत फिरेल आणि चावेलही. चावण्यावरून आठवलं, जाड सुती पट्टी हात-दीड हात लांब, तोंड बांधायला. दुखत असलं की आपला कुत्राही चावतो. ओकत असेल किंवा धापा टाकत असेल तर मात्र तोंड बांधू नका.

आता तेलं. करंजेल गावात घाण्यावर मिळतं, गुरांना खरजेसाठी पूर्वीपासून लावतात. कडुनिंबाचं चालेल. दोन्ही कडू, दोन्ही उग्र, दोन्ही नुसती लावायची नाहीत. मी एक चमचा करंजेल दहा चमचे खोबरेलात मिसळतो, आधी मांडीच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी लावून एक दिवस थांबतो, लाली आली नाही तरच पुढे. पिल्लांना नाही, गाभण कुत्रीला नाही, घरातल्या मांजराला तर अजिबात नाही. तेल लावलं की बादली, वास कमी होईपर्यंत. तेलाने गोचीड मरते अशा भ्रमात राहू नका. फार तर नवीन चढणाऱ्या थोड्या कमी होतात. अंगावरची गोचीड चिमट्याने काढा, कातडीला अगदी लागून धरून सरळ ओढायची, पिळायची नाही, काडी लावून जाळायची नाही, वर रॉकेल ओतायचं नाही. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, काखेत बघा. काढलेली गोचीड साबणाच्या पाण्यात टाका, नखाने फोडू नका.

खरा अड्डा कुत्र्यावर नसतोच. पोट भरलेली मादी खाली उतरते आणि भेगेत जाऊन हजारोंनी अंडी घालते. आपली चिऱ्याची घरं, सांध्यांतली माती गळालेली, पडवीच्या कोपऱ्यात कुत्र्याचं पोतं. गोचिडीला आणखी काय हवं? म्हणून पोतं जाळून टाका, अंथरूण उकळत्या पाण्यातून काढून कातळावर कडक उन्हात वाळवा, तो झोपतो तिथले सांधे सिमेंटने लिंपून घ्या. हे जूनमध्ये होणार नाही. निरगुडीची धुरी गोठ्यात करतात तशी पडवीत करा हवी तर, पण कुत्रा बाहेर बांधून. एवढं करूनही जेवण सोडलं, अंग तापलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा घोळणा फुटला तर तो गोचीडताप समजा. त्यावर पाला-मुळी नाही. रक्त तपासून औषधांचा पूर्ण कोर्स, तोही डॉक्टर सांगेल तितके दिवस.

जखमेसाठी हळद ठेवा, पण हळदीआधी पाणी. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट चमचा मीठ, त्याने जखम धुवायची, भोवतीचे केस कात्रीने आखूड करायचे. मग खोबरेलात कालवलेली हळद पातळ लावायची. जाड थर दिलात तर खाली चिघळतं आणि वरून छान दिसतं. शेणाने सारवलेली अंगणं पिवळी होतील, होऊ द्या. आणि बादली! हळद चाटली तर विशेष बिघडत नाही, पण सतत चाटून जखम उघडी राहते, ओली राहते, आणि पावसाळ्यात ओल्या जखमेवर माशी बसायला वेळ लागत नाही. कोरफड हवी असेल तर पान तोडून उभं ठेवा, पिवळा चीक पूर्ण निथळू द्या, आतला पांढरा गर तेवढा घ्या. तो पिवळा चीक पोटात गेला की जुलाब. म्हणजे पुन्हा बादली. पंजे फुटले असतील तर कोकमतेलाचा गोळा किंचित कोमट करून चोळा, आपल्या टाचांना लावतो तसाच. हे एक चाटलं तरी चालतं, तरी अर्धा तास मुरू द्या.

जखमेला वास यायला लागला आणि कुत्रा तिथेच वळून वळून बघायला लागला तर अळ्या पडल्यात. इथे घरगुती शहाणपण थांबवा. कापूर कोंबणारे आहेत, डांबरगोळी चुरून घालणारे आहेत, फिनेल ओतणारे आहेत, बिब्बा लावणारेही आहेत. कापूर आणि डांबरगोळी पोटात गेली तर झटके येतात. फिनेलने कातडी भाजते. बिब्ब्याने माणसाची चामडी उतते, तिथे कुत्र्याचं काय! अळ्यांचा फवारा आधीच डॉक्टरांना विचारून आणून डब्यात ठेवा, आणि दिसल्या दिवशीच दवाखाना गाठा.

शेजारच्या काकींचं एक ठरलेलं असतं: "लसणाची पाकळी घाल रे पेजेत, गोचिडी आपसूक गळतील." काकी प्रेमाने सांगतात, पण नको. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा, शिजलेला, पावडर, सगळा. चार-पाच दिवसांनी हिरड्या फिकट पडतात आणि तोवर लसूण कुणाच्या लक्षातही नसतो. त्याच न्यायाने कालच्या कालवणाचा रस्सा पेजेत ओतू नका. मनुका-द्राक्षं नकोत. आणि ताप वाटला म्हणून आपली पॅरासिटामॉल किंवा अंगदुखीची गोळी द्यायची नाही. टी ट्री ऑइल नावाची बाटली मुंबईहून कुणी पाहुणा घेऊन आला असेल तर त्याला परत द्या, कुत्र्याला ते विषारी आहे.

बिघडलेल्या पोटासाठी उकडे तांदूळ. पेज अगदी पातळ, चवीपुरतं मीठ, दिवसातून चार-पाच वेळा थोडी थोडी. दुसऱ्या दिवशी तीत उकडलेला लाल भोपळा किंवा बिनमसाल्याची कोंबडी. सुकटीचा खारट मोह टाळा. अंगातलं पाणी कमी पडत असेल तर एक लिटर उकळून गार पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि घोट घोट. नाकपुडी दाबून घशात ओतायचं नाही, फुप्फुसात जातं. हिरडी अंगठ्याने दाबून सोडा, रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती तशीच उभी राहिली तर पेजेचं काम संपलं. पिल्लू ओकतंय आणि रक्ताचं पातळ होतंय तर एक तासही घरात घालवू नका, तो पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा विषाणूरोग) असू शकतो. आणि मे महिन्यात आंब्याचा बाठा! कुत्रे तो चोखत चोखत गिळतात. मग आतड्यात अडकतो, आणि एरंडेल पाजून तो निघत नाही, उलट इजा होते. बाठे उकिरड्यावर टाकायचे नाहीत, पुरायचे. काजूबियांच्या कच्च्या टरफलांचंही तेच, त्या तेलाने तोंड भाजतं, खळ्यात वाळत घातल्या असतील तर कुत्रा बांधा.

चिखल्या कुत्र्यांनाही होतात. बाहेरून आला की चारही पंजे साध्या पाण्याने धुवा आणि बेचकी कोरडी करा. धुणं कुणीही करतं, कोरडं करणं राहतं. जुने पंचे चार-पाच डब्याशेजारी. बेचकी लाल झालीच आणि काही लावलंत तर काय घालायचं ते तुम्हाला आता पाठ असेल. कानात तेल घालू नका, कोणतंही. ओल्या कानात तेल म्हणजे बुरशीला आमंत्रण.

फुरसं, घोणस, मण्यार, नाग चावला तर पाला बांधू नका, कापू नका, आवळू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. उचलून न्या, चालवू नका. या चौघांवर चालणारी एकच लस (विष उतरवणारं इंजेक्शन) असते. ती जवळ कुठल्या दवाखान्यात असते आणि तिथे कुत्र्याला देतात का, हे आत्ताच विचारा. बेडूक तोंडात धरून फेस आला तर डोकं खाली करून तोंड बाजूने पाण्याने धुवा, पाणी बाहेर वाहील असं. भटका कुत्रा किंवा कोल्हा चावला तर साबण आणि वाहतं पाणी पंधरा मिनिटं, चुना-तिखट नाही, मग रेबीजची लस, आपल्या कुत्र्याला आधीची दिलेली असली तरी. माणसाला ओरखडा आला असेल तर त्यालाही.

राहिलेलं भराभर. रेबीजची आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस मेमध्ये. लेप्टो कुत्र्याच्या मुतातून आपल्यालाही होतो, पडवी धुताना हातमोजे आणि गमबूट. जंताची गोळी वजनावर असते, म्हणून त्याला उचलून काट्यावर उभे राहा, आपलं वजन वजा करा, आकडा डब्याच्या झाकणावर लिहा. चिमटा, कात्री, बॅटरी, सुती पट्ट्या. 1962 हा पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा नंबर, मुख्यतः गुरांसाठी, तरी लिहून ठेवा. सगळेच रिक्षावाले कुत्रा गाडीत घेत नाहीत, घेणाऱ्या एकाशी आधीच बोलून ठेवा. रेंज जाते, तेव्हा नंबर मोबाईलमध्ये नकोत, दाराच्या आतल्या बाजूला खडूने.